छोट्या कारखान्याचे जाळे : निवड, मांडणी आणि आपली मुले

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



मी बी. ए. बी. एड. झालेला शिक्षक. अशा माणसाने कारखान्यातील स्विच, राउटर आणि केबल यांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. मी इंजिनिअर नाही. परंतु शाळेच्या संगणक कक्षाची देखभाल बरीच वर्षे माझ्याकडे आहे, आणि आपले कितीतरी माजी विद्यार्थी आज भोसरी, तळवडे, चाकण, म्हाळुंगे येथे हेच काम करून पोट भरतात. त्यांच्याशी बोलताना आणि थोडे वाचताना जे समजले, ते आपल्यापुढे साध्या भाषेत ठेवणार आहे. येथे बसलेल्या पालकांपैकी कोणाचे वर्कशॉप आहे, कोणाचे गोडाऊन आहे, कोणाचा टेंपो आहे, कोणी दुसऱ्याच्या शेडमध्ये मशीनवर उभे राहतात. विषय सर्वांच्याच घरापर्यंत येतो.

आपल्या भागाचा इतिहास थोडक्यात आठवू. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना आला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली. साठच्या दशकात टेल्को आणि बजाज ऑटो आल्या. १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. पुढे चाकण वाढले आणि २००९ साली तेथे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. या मोठ्या नावांच्या मागे हजारो छोटी वर्कशॉप्स उभी राहिली. कोणी बुश करतो, कोणी ब्रॅकेट, कोणी नुसते भोक पाडून देतो. मोटार एका कारखान्यातून बाहेर पडते, पण ती शेकडो शेडमध्ये तुकड्यातुकड्याने तयार होत असते.

पूर्वी या शेडचा मोठ्या कंपनीशी संबंध कागदावर चाले. ऑर्डर कागदावर, चलन कागदावर, बिलही कागदावर. आज वेळापत्रक संगणकावर येते, ड्रॉइंग संगणकावर येते, सीएनसी मशीनचा प्रोग्रॅम तारेतून मशीनमध्ये जातो. १ एप्रिल २०१८ पासून पन्नास हजार रुपयांवरचा माल दुसऱ्या राज्यात पाठवताना ई-वे बिल काढावे लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर गेलेल्या व्यापाऱ्याला आपल्या व्यापारी ग्राहकाचे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवूनच द्यावे लागते. याचा साधा अर्थ असा की जाळे बंद पडले, तर माल तयार असूनही टेंपो फाटकाबाहेर निघत नाही. वीज गेली तर मशीन थांबते हे आपल्याला ठाऊक आहे. जाळे गेले तरी धंदा थांबतो, हे अजून पुरते मनात उतरलेले नाही.

याचे एक उदाहरण जपानचे आहे. तेथे टोयोटा कंपनीला प्लॅस्टिकचे सुटे भाग पुरवणारी कोजिमा इंडस्ट्रीज नावाची कंपनी आहे. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस तिच्या संगणकांवर घाला पडला. परिणाम असा झाला, की १ मार्च २०२२ रोजी टोयोटाला जपानमधील आपले चौदाही कारखाने एक दिवस बंद ठेवावे लागले आणि सुमारे तेरा हजार गाड्यांचे उत्पादन हुकले. चोर कोठून शिरला? कोजिमाच्याही एका उपकंपनीने बाहेरच्या एका कंपनीशी संपर्कासाठी एक उपकरण बसवले होते. त्यातील कच्च्या दुव्यातून तो आत आला. टोयोटाचे फाटक भक्कम होते. पुरवठादाराच्या मागच्या दाराची कडी सैल होती.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम जगभर पसरला आणि त्यात न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. तिसरे अगदी अलीकडचे. टाटा समूहाच्या जग्वार लँड रोव्हर कंपनीचे उत्पादन सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या दिवसापासून सायबर हल्ल्यामुळे थांबले आणि ते टप्प्याटप्प्याने सुरू व्हायला ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडला. मोठ्या कंपनीला हा धक्का सोसवतो. तिच्यावर अवलंबून असलेल्या छोट्या पुरवठादाराला मात्र पाच आठवडे पगार कोठून द्यावा, हा प्रश्न पडतो. म्हणून मोठ्या कंपन्या आता आपल्या पुरवठादारांना विचारू लागल्या आहेत, की तुमचे जाळे कसे आहे? ज्याच्याजवळ नीट उत्तर आहे, त्याची ऑर्डर टिकेल.

आता हे जाळे म्हणजे काय ते पाहू. त्यात मुख्य चार वस्तू असतात. स्विच हा कारखान्याच्या आतला टपालवाला आहे. कोणत्या तारेवर कोणते यंत्र आहे हे तो लक्षात ठेवतो आणि ज्याचे पत्र त्यालाच देतो. राउटर म्हणजे आपल्या आवारातून मोठ्या रस्त्याला लागणारे फाटक. फायरवॉल म्हणजे त्या फाटकावरचा रखवालदार, जो कोणाला आत सोडायचे आणि कोणाला बाहेर हे नियमाने ठरवतो. छोट्या कारखान्यात राउटर आणि फायरवॉल बहुधा एकाच डब्यात असतात. चौथी वस्तू ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारा डबा. या सर्वांना जोडणारी केबल, ही पाचवी म्हणावी लागेल, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते.

आपल्याकडे खरेदीची रीत अशी, की दुकानात जायचे आणि विचारायचे, “चोवीस पोर्टचा स्विच कितीला?” माझे सांगणे असे, की भाव विचारण्यापूर्वी एक कागद घ्या आणि मोजदाद करा. समजा, भोसरीत एक वर्कशॉप आहे. ऑफिसात सहा संगणक आणि दोन प्रिंटर, शेडमध्ये चार सीएनसी मशीन आणि एक हजेरीचे यंत्र, आठ कॅमेरे, त्यांचा एक रेकॉर्डर आणि दोन ॲक्सेस पॉइंट. बेरीज होते चोवीस. आता मालक चोवीस पोर्टचा स्विच आणतो आणि पहिल्याच दिवशी ध्यानात येते, की राउटरकडे जाणाऱ्या तारेला जागाच उरली नाही! मग घाईने पाच पोर्टचा एक स्वस्त डबा टेबलाखाली लोंबकळत ठेवला जातो, आणि पुढील सगळ्या बिघाडांचे मूळ तोच डबा ठरतो.

विद्यार्थी मित्रांनो, हेच गणित नीट मांडू. ऑफिसात चोवीस पोर्टचा आणि शेडमध्ये आठ पोर्टचा, असे दोन स्विच घ्यावेत. ऑफिसच्या स्विचवर सहा संगणक, दोन प्रिंटर, आठ कॅमेरे, रेकॉर्डर आणि दोन ॲक्सेस पॉइंट मिळून एकोणीस. त्यात राउटरची एक आणि शेडकडे जाणारी एक तार धरली की एकवीस. तीन जागा शिल्लक. शेडच्या स्विचवर चार मशीन, हजेरीचे यंत्र आणि ऑफिसकडून आलेली तार मिळून सहा; दोन जागा शिल्लक. उद्या पाचवे मशीन आले तरी काळजी नाही.

दुसरे गणित विजेचे. आजकाल कॅमेऱ्याला आणि ॲक्सेस पॉइंटला जाळ्याच्या तारेतूनच वीज देता येते. अशा स्विचला पीओई स्विच म्हणतात. एका कॅमेऱ्याला दहा वॅट धरले तर आठांना ऐंशी, आणि एका ॲक्सेस पॉइंटला पंधरा धरले तर दोघांना तीस. एकूण एकशे दहा वॅट. आता स्विचच्या कागदावर पहा, तो सर्व पोर्ट मिळून किती वॅट देतो. तेथे पासष्ट लिहिले असेल, तर पोर्ट कितीही असोत, काही कॅमेरे अंधारात राहतील, आणि तेही बहुधा रात्री, जेव्हा कॅमेऱ्याचे दिवे लागून त्याला जास्त वीज हवी असते. एकशे चाळीसच्या आसपास देणारा स्विच घेतला, म्हणजे थोडी सवड राहते.

तिसरे गणित अंतराचे. तांब्याच्या केबलची मर्यादा शंभर मीटर आहे. हे अंतर जमिनीवर मोजायचे नाही. तार भिंतीवरून चढून, छताखालून फिरून जशी जाणार तसे मोजायचे. त्यापुढे, किंवा एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जायचे असेल, तर फायबर टाकावी. फायबरमधून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्यामुळे पावसाळ्यात जवळपास वीज कोसळली तरी तिचा झटका त्या वाटेने एका इमारतीतून दुसरीत पोचत नाही.

केबलविषयी एक इशारा द्यायलाच हवा. बाजारात दिसायला तशीच, पण स्वस्त अशी एक केबल मिळते. तिच्या आत ॲल्युमिनियमची तार असते आणि वर तांब्याचा नुसता मुलामा असतो. तार ब्लेडने खरवडा. आत पांढरे दिसले तर समजा, की फसवणूक आहे. खोके हातात घेतले तरी ते हलके लागते. अशी तार लवकर तुटते, आणि तिच्यातून कॅमेऱ्याची वीज नेली तर ती जास्त तापते. केबल एकदा भिंतीत गेली की पंधरा-वीस वर्षे तेथेच राहते. स्विच मात्र पाच-सात वर्षांनी बदलता येतो. म्हणून पैसे कमी असतील तर काटकसर डब्यात करा, तारेत करू नका. आणखी एक पथ्य असे, की मोटारींच्या वीजवाहिनीला चिकटून समांतर केबल नेऊ नये. तिला ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडावे.

शेडमधील स्विचचा विचार वेगळा करावा लागतो. ऑफिसचा स्विच साधारण चाळीस-पन्नास अंश उष्णतेपर्यंत काम करण्यासाठी बनवलेला असतो. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखालच्या बंद पेटीत उष्णता त्याहून वर जाऊ शकते, आणि त्यात कूलंटचा धूर व लोखंडाची बारीक धूळ असतेच. कारखान्यासाठीच बनवलेले स्विच मिळतात. ते इलेक्ट्रिकच्या पॅनेलमधील पट्टीवर बसतात, त्यांना पंखा नसतो, आणि त्यांपैकी अनेक उणे चाळीसपासून पंचाहत्तर अंशांपर्यंत चालतात. ते महाग असतात हे खरे. पण शेडमध्ये असा एकच लागतो, आणि तो बंद पडला तर चार मशीन उभ्या राहतात. ऑफिसमध्ये साधा स्विच चालेल. दोन्हीकडे चांगले अर्थिंग आणि यूपीएस मात्र हवेच.

एवढे झाले की खरा प्रश्न येतो, तो मांडणीचा. वस्तू पैसे देऊन मिळते. मांडणी मात्र डोके लावूनच करावी लागते. कोणी कोणाशी बोलावे आणि कोणाशी बोलू नये, हे दुकानदार ठरवू शकत नाही. ते ज्याच्या कारखान्यात काम चालते, त्यालाच माहीत असते.

पहिली गोष्ट, डब्यासोबत आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. २०१६ साली मिराय नावाच्या प्रोग्रॅमने जगातील लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याने कोणतीही जादू केली नाही. कारखान्यातून निघताना डब्यांवर असतात तसले साठेक ठरावीक पासवर्ड त्याने एकामागून एक लावून पाहिले. कुलपाला किल्ली लटकवून झोपल्यासारखे ते झाले.

दुसरी गोष्ट, जाळ्याचे भाग पाडा. साध्या स्विचमध्ये सगळे एकाच खोलीत बसलेले असतात. थोडा अधिक पैसा दिला की व्यवस्थापन करता येणारा, ज्याला मॅनेज्ड स्विच म्हणतात तो मिळतो. त्यात एकाच डब्यात वेगवेगळ्या खोल्या करता येतात. त्यांना व्हीलॅन म्हणतात. आपल्या वर्कशॉपसाठी चार खोल्या पुरेत. ऑफिसचे पत्ते १९२.१६८.१० ने सुरू होतील, मशीनचे १९२.१६८.२० ने, कॅमेरे व हजेरी यंत्राचे १९२.१६८.३० ने, आणि पाहुण्यांच्या वाय-फायचे १९२.१६८.४० ने. पत्ता पाहताच यंत्र कोणत्या खोलीतले हे कळते. मशीन आणि प्रिंटर यांना कायमचे पत्ते द्यावेत. संगणकांना ते आपोआप मिळू द्यावेत.

तिसरी गोष्ट, खोल्यांच्या मधल्या दारांवर नियम लावा. मशीनकडे प्रोग्रॅम फक्त एकाच ठरलेल्या संगणकावरून जाईल. मशीनला आणि कॅमेऱ्यांना इंटरनेट नाही. पाहुण्याला फक्त इंटरनेट, बाकी काही नाही. हे का, ते ऐका. अनेक सीएनसी मशीनना जोडलेले संगणक जुने आहेत. विंडोज एक्सपीची दुरुस्ती कंपनीने एप्रिल २०१४ मध्ये थांबवली, विंडोज सातची जानेवारी २०२० मध्ये. मशीन लाखो रुपयांचे असल्याने केवळ संगणक जुना झाला म्हणून ते कोणी बदलत नाही, आणि बदलूही नये. पण म्हाताऱ्या माणसाला आपण गर्दीत एकटे सोडत नाही. तसे या जुन्या संगणकाला आतल्या खोलीत, दार लावून ठेवावे.

चौथी गोष्ट, बाहेरून येणाऱ्यांची वाट. मशीनचा सर्व्हिस इंजिनिअर म्हणतो, “मला पुण्यातून नाही तर परदेशातून मशीन पाहायचे आहे, एक पोर्ट उघडून ठेवा.” कोजिमाच्या प्रकरणात असाच दूरसंपर्काचा डबा नडला होता, हे आठवा. अशा माणसासाठी व्हीपीएन नावाची बंदिस्त वाट करून द्यावी, त्याला त्याचे स्वतंत्र नाव आणि पासवर्ड द्यावा, आणि काम झाले की ती वाट बंद करावी.

पाचवी गोष्ट लहान आहे, पण त्रास मोठा देते. एखादा मुलगा सफाई करताना सुटलेले टोक दिसले म्हणून ते त्याच स्विचमध्ये परत खोचतो. एका तारेची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये गेली, की संदेश गोल गोल फिरत राहतात आणि क्षणात सगळे जाळे ठप्प होते. मॅनेज्ड स्विचमध्ये यावर स्पॅनिंग ट्री नावाची तजवीज असते. ती चालू आहे ना, हे पाहून घ्यावे.

सहावी गोष्ट नोंदींची. सर्व डब्यांची घड्याळे एका वेळेला लावा आणि कोण कधी आत आले याच्या नोंदी साठवा. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. कंपन्यांनाही ते लागू आहेत. आपण छोटे आहोत, आपल्याला कोण विचारतो, असे म्हणून चालणार नाही.

आणि सातवी गोष्ट शिक्षकाच्या आवडीची, ती म्हणजे वही. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवा. कोणता क्रमांक कोणत्या पोर्टात, कोणत्या यंत्राचा कोणता पत्ता, डबा कधी घेतला, हमी कधी संपते, हे वहीत लिहा. सेटिंगची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. पासवर्ड बंद लिफाफ्यात मालकाच्या तिजोरीत हवेत. जाळे बसवणारा गाव सोडून गेला आणि पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, असे झाले तर स्वतःच्याच घरात मालक परका होतो. जो कारागीर काम संपताना अशी वही मालकाच्या हाती देतो, त्याला पुढचे काम शोधत फिरावे लागत नाही.

पालकहो, आता तुमच्याशी दोन शब्द. आपल्या मुलांपैकी कित्येक जण दहावी-बारावीनंतर तार ओढण्याच्या आणि कॅमेरे बसवण्याच्या कामाला लागतात. रोज मिळतो, घराला हातभार लागतो. ते काम हलके नाही आणि त्यात लाज वाटण्याजोगे काहीही नाही. पण जो नुसती तार ओढतो त्याला दिवसाचा रोज मिळतो, आणि ती तार कोठून कोठे जावी हे जो ठरवतो, त्याला जाणकार म्हणून मान व मोबदला मिळतो. या दोघांमध्ये अंतर आहे ते वर्ष-दोन वर्षांच्या अभ्यासाचे. मुलाने शिडीवर चढावे, पण हातात वही घेऊन उतरावे, एवढीच माझी इच्छा आहे.

हा अभ्यास आवाक्याबाहेरचा नाही. आयटीआयमध्ये संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभालीचा अभ्यासक्रम असतो. पदविकेचा मार्ग आहे. सिस्कोचा पॅकेट ट्रेसर नावाचा प्रोग्रॅम विद्यार्थ्याला विनामूल्य मिळतो. त्यात एकही डबा विकत न घेता पडद्यावर स्विच, राउटर मांडून आज सांगितलेल्या चार खोल्या तयार करता येतात. जो हे करून पाहील, त्याला पुढे सीसीएनए परीक्षेची पुस्तके परकी वाटणार नाहीत. इंग्रजीची भीती वाटेल. ती घालवायला आम्ही शिक्षक आहोत. आणि मुलींच्या पालकांना विशेष विनंती करतो. जाळ्याचा आराखडा करणे, नियम लावणे, नोंदी तपासणे ही टेबलावर बसून, शांत डोक्याने करायची कामे आहेत. आपल्या मुलींची वही मुलांच्या वहीपेक्षा नेटकी असते, हे मी रोज पाहतो. त्यांना या वाटेवर जाऊ द्या.

विद्यार्थी मित्रांनो, सुट्टीत एक काम करा. घरातल्या, चुलत्याच्या किंवा शेजारच्या वर्कशॉपमध्ये परवानगी घेऊन जा. कशालाही हात लावू नका, काहीही बदलू नका. फक्त कागदावर नकाशा काढा : कोणते डबे आहेत, किती तारा आहेत, कोणती तार कोठे जाते. तुम्हाला उत्तरे येतील त्यापेक्षा प्रश्न जास्त पडतील. ते प्रश्न घेऊन शनिवारी संगणक कक्षात या. आपण मिळून त्यांची उत्तरे शोधू.